खाली बत्ती, वर बर्फ

आमच्या लांज्यात पाहुणा ओटीवर टेकला की पाणी देण्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो. "फ्रीजमधलं देऊ की माठातलं?" पाहुणा घाटावरचा असला तर तो हमखास म्हणतो, "माठातलंच द्या हो, त्याची चव वेगळी." मग एक घोट घेतो आणि गप्प होतो. कारण कोकणातला माठ हा नुसता दिसायला माठ. साताऱ्या-सोलापूरकडच्या कोरड्या हवेत माठातून झिरपलेलं पाणी भराभर वाळतं आणि वाळता वाळता आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवेतच एवढं बाष्प असतं की माठाचं पाणी घ्यायला तिच्यात जागा उरत नाही. दोरीवरचा पंचा जिथे संध्याकाळपर्यंत दमट राहतो, तिथे माठाने तरी काय पराक्रम करावा?

पावसाळा लागला की याच हवेचा दुसरा खेळ सुरू होतो. बरणीतल्या खडे मिठाला पाणी सुटतं. 'सुटतं' म्हणायचं एवढंच. मिठातून काहीच सुटत नाही, मीठच हवेतलं बाष्प पिऊन घेतं आणि शेवटी आपल्याच तहानेत विरघळतं. घरोघरच्या बायका ते मीठ चुलीच्या उबेला ठेवतात. ऊब लागली की प्यायलेलं पाणी उडून जातं आणि मीठ पुन्हा प्यायला मोकळं. बाष्प पिणं आणि ऊब देऊन ते सोडवणं, एवढ्या दोन गोष्टींवर थंडी तयार करता येते, हे कोणी सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण जगात हे दीडशेहून अधिक वर्षं चाललं आहे.

आपल्या घरचा फ्रीज धक्काबुक्कीवर चालतो. मोटर फिरते, कॉम्प्रेसर आतल्या वायूला दाबतो, तो वायू पुढे मोकळा होऊन उडतो आणि उडताना दुधा-माशांची उष्णता घेतो. या सगळ्या कष्टांची जाणीव तो आपल्याला रात्रभर करून देतो. आधी गुरगुर, मग एकदम अंग झाडून शांत, आणि आपला डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा गुरगुर.

फ्रान्समधल्या फर्डिनांड कारेने १८५९ मध्ये दाबायचं काम काढून टाकलं आणि त्या जागी विस्तव ठेवला. त्याने जोडी निवडली अमोनिया आणि पाण्याची. अमोनियाला पाण्याची ओढ विलक्षण: साध्या तापमानाला पाणी आपल्या आकारमानाच्या सुमारे सातशे पट अमोनिया वायू पोटात घेतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेने समुद्र अडवला आणि दक्षिणेकडे येणारा नैसर्गिक बर्फ बंद झाला, तेव्हा कारेची यंत्रं नाकेबंदी चुकवून तिकडे पोचली होती.

या अमोनियाचा प्रवास आम्हा कोकणी माणसांना वेगळा शिकवायला नको. तो थेट चाकरमान्याचा प्रवास आहे. गावात, म्हणजे पाण्यात, तो सुखाने पडून असतो. खालून परिस्थितीचा चटका बसला की गाव सोडून वर जातो. वाटेत डोकं थंड होतं, तो द्रवरूप होतो. मग परक्या घरात स्वतः झिजून इतरांना गारवा देतो. काम संपलं की गणपतीला विलवडे स्टेशनात उतरावं तसा ओढीने गावाकडे येतो आणि गाव त्याला असं पोटात घेतं की गेला होता कधी, असं वाटावं. पुन्हा चटका बसेपर्यंत.

१९२२ मध्ये स्टॉकहोममधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी कारेच्या जोडीत हायड्रोजन घातला आणि उरलासुरला पंपही काढून टाकला. नळ्यांच्या बंद जाळ्यात सगळीकडे एकूण दाब सारखाच, पण हायड्रोजनच्या घोळक्यात अमोनियाच्या वाट्याला दाब कमी येतो, म्हणून तो तिथे सहज उडतो. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे झिजण्यासारखं आणि वाजण्यासारखंही काही नाही. इलेक्ट्रोलक्सने हा फ्रीज हाती घेतला आणि वीज न पोचलेल्या मुलखातल्या दवाखान्यांत नि मळ्यांवर तो पोचला. त्याला लागायचं फक्त घासलेट. खालच्या टाकीवर वात, वर कपाटात बर्फ. वात नीट कापलेली हवी, ज्योत निळी हवी; पिवळी झाली की काजळी धरायची आणि वरचं लोणी मऊ पडायचं. म्हणजे फ्रीज राखण्याचं काम कंदील पुसणाऱ्या माणसाकडे. आमच्या आजीच्या पिढीला या यंत्राचा मेकॅनिक शोधावा लागला नसता.

एक अट मात्र कडक. हा फ्रीज अगदी समपातळीत उभा हवा. जरा कलला की नळ्यांतला द्रव उताराला भलतीकडे साचतो आणि फिरणं थांबतं. लांज्यासारख्या ठिकाणी ही अट जीवघेणीच. इथे सपाट जागा म्हणजे जी अजून कोणी नीट पाहिलेली नाही ती. घर, अंगण, वाडी, सगळं उताराला. आणि असा फ्रीज रुसलाच तर जुना इलाज काय, तर तो काही तास उलटा करून ठेवायचा आणि मग पुन्हा सुलटा करायचा. आतला अडलेला द्रव मोकळा होतो. इतका घरगुती उपाय मान्य करणारं यंत्र विरळाच.

या फ्रीजच्या नादाला आइनस्टाइनसुद्धा लागला होता. बर्लिनमध्ये फ्रीजमधून गळलेल्या विषारी वायूने एक कुटुंब झोपेतच गेल्याची बातमी त्याने वाचली, असं त्याचा जोडीदार लिओ झिलार्ड सांगत असे. दोघांनी मिळून न हलणाऱ्या, न गळणाऱ्या फ्रीजच्या रचना काढल्या. अमेरिकन पेटंट १९३० मध्ये मिळालं. विश्वाचा हिशेब मांडून झाल्यावर माणूस शेवटी दूध नासू नये म्हणून धडपडतो, हे आम्हा सामान्यांना फार धीर देणारं आहे. त्यांचा फ्रीज दुकानात काही आला नाही, ही गोष्ट वेगळी.

बाजी मारली ती गुरगुरणाऱ्यानेच, आणि ती अन्यायाने मारली असं म्हणवत नाही. घरचा कॉम्प्रेसर एक युनिट वीज खाऊन एका युनिटहून जास्तच उष्णता बाहेर काढतो. वातीवरचा फ्रीज एक युनिट आग खाऊन अर्धं युनिटसुद्धा काढत नाही. शिवाय तो सावकाश. दुपारी पेटवला तर सरबताचा विचार दुसऱ्या दिवशी करायचा. वीज दारात आली तशी माणसाची घाईही आली, आणि हा मुका फ्रीज हॉटेलांच्या खोल्यांत जाऊन बसला. पाहुण्याची झोप मोडू नये म्हणून तिथल्या छोट्या फ्रीजमध्ये पुष्कळदा हीच अमोनियाची जोडी असते.

पण हिशेब आगीच्या किमतीवर ठरतो, आणि आग फुकट असली तर तो उलटतो. पुण्याची थरमॅक्स कंपनी वर्षानुवर्षं अशी मोठी शीतयंत्रं बनवते. त्यांत पाणी हेच थंडी करणारं आणि लिथियम ब्रोमाइड नावाचं मीठ हे बाष्प पिणारं. हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी दाबात पाणी ५ अंशांना उकळतं, मीठ ती वाफ पितं आणि कारखान्याची वाया जाणारी उष्णता मिठाला पुन्हा कोरडं करते. आमची बरणी आणि चुलीची ऊब, फक्त पोलादी डब्यात. दिल्लीजवळ ग्वालपहाडीच्या सौर ऊर्जा केंद्रात थरमॅक्सच्या साहाय्याने २०११ मध्ये अशी १०० किलोवॅटची यंत्रणा उन्हावर चालवून दाखवली गेली.

हे वाचल्यापासून लांज्यातून जाताना माझं लक्ष काजूच्या कारखान्यांकडे जातं. बी वाफवायला बॉयलर, बॉयलरखाली जळण काजूच्याच टरफलांचं, आणि उरलेली ऊब धुराड्यातून थेट आभाळात. त्याच मे महिन्यात बरका फणस दोन दिवसांत उतरतो, आंबा पेटीतच डागाळतो, कोकमं सडतात, रत्नागिरीहून टेम्पोने आलेली मासळी दुपारपर्यंत बर्फ संपवते, आणि वळवाचा पहिला वारा सुटला की लाइट जाते. थंडी सगळ्यात जास्त हवी असते तेव्हाच उष्णता सगळ्यात जास्त असते. माठाला आणि कॉम्प्रेसरला हा योग अडचणीचा. आगीवर चालणाऱ्या यंत्राला मात्र तो सोयीचा, कारण त्याचं जळणच ते.

'काय उकडतंय!' हा मे महिन्यात आमच्या तालुक्याचा एकमताने मंजूर ठराव असतो. ज्याला थंडी हवी त्याने वर डोंगरावरच्या माचाळला जावं, बाकीच्यांनी पंख्याखाली बसून शिव्या द्याव्यात, एवढीच आजवरची अंमलबजावणी. या उकाड्याला कोणी कामाला लावावं, टरफलांच्या धगीवर गावकीची एखादी शीतखोली चालवावी, असं मनापासून वाटतं. लोक तयारही होतील. मशीन येईल, नारळ फुटेल, फोटो छापून येतील. मला काळजी एकाच गोष्टीची आहे: पाया समपातळीत कोण घालणार?