पास दे त्याचा

संध्याकाळी पाचनंतर म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर उभं राहिलं की तालुक्यातली निम्मी शाळा तिथंच भेटते. पाभरे, मेंदडी, खरसई, घोणसे अशा गावांची पोरं पाठीला दप्तर लावून आपापल्या गाडीची वाट बघत असतात. गेल्या आठवड्यात पाभऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत मीही होतो. माझ्या पुढच्या सीटवर, खिडकीशी, नववीतला असावा असा एक मुलगा बसला होता. तो बोलताना अडखळतो हे मला थोड्या वेळानं कळलं. मागच्या लांब सीटवरच्या चौघांना ते आधीपासून माहीत होतं.

त्यांनी त्याचा पास लपवला होता.

यातली मेख बघा. पास असला की तो कंडक्टरपुढे धरायचा, तोंड उघडावं लागत नाही. पास नसला की गावाचं नाव सांगावं लागतं, आणि त्याच्या गावाचं नाव 'प'नं सुरू होतं. कंडक्टरनं विचारलं, "कुठं रे?" मुलगा त्या एका अक्षरावर अडकला. मागचे चौघे तेच अक्षर त्याच्या सुरात घोळवू लागले. गाडीत पंचवीस-तीस माणसं होती. काही हसली, काहींनी मोबाइल काढला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

मग पलीकडच्या सीटवरून एक किडकिडीत मुलगा उठला. मागं गेला आणि हात पुढे केला. "पास दे त्याचा." आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही, हात खाली घेतला नाही. पास आला. तो घेऊन पुढे आला, "सरक" म्हणाला आणि त्या मुलाच्या शेजारी बसला.

मागून लगेच आरोळी आली, "वकील आला रे वकील!" पाभरे येईपर्यंत त्याचं नाव वकील पडलं होतं.

या वकिलाबद्दल मला आज बोलायचं आहे, कारण त्यानं तिथं दंड भरला.

दंड हा शब्द रायगडात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गावकीनं एखाद्या घराला वाळीत टाकलं की त्या घराशी बोलणं बंद, दुकानातला माल बंद, लग्न-मयत बंद. आणि जो बोलेल, त्यालाही दंड. आपल्या जिल्ह्यातून अशा इतक्या तक्रारी आल्या की राज्याला कायदा करावा लागला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा तो कायदा विधिमंडळानं एप्रिल 2016 मध्ये मंजूर केला आणि जुलै 2017 पासून तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्कारानं माणूस मोडतो, हे मान्य करायला मोठ्यांना इतकी वर्षं लागली.

'जो बोलेल त्यालाही दंड', वर्गातला बहिष्कार याच हुकमावर चालतो. एकाला तोतऱ्या, जाड्या, काळ्या, बायल्या ठरवायचं आणि त्याच्याशी जो बोलेल त्यालाही तेच नाव चिकटवायचं. दादागिरी करणारे तीन-चारच असतात. बाकीची चाळीस पोरं गप्प राहतात ती दंडाच्या भीतीनं. त्या पोरांना भित्री म्हणू नका. त्यांनी गावकी पाहिलेली आहे. घरात आई-बाबा दबक्या आवाजात "त्यांच्याकडे जाऊ नकोस" म्हणतात, ते त्यांनी ऐकलेलं आहे.

आता दुसरी बाजू. कॅनडातल्या टोरांटोच्या संशोधकांनी प्राथमिक शाळांच्या मैदानांवर मुलांमधले असे छळाचे प्रसंग चित्रित केले आणि 2001 मध्ये निष्कर्ष मांडले. 88 टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये कुणी पडलं ते फक्त 19 टक्के प्रसंगांत. पण जेव्हा पडलं, तेव्हा त्यातल्या 57 टक्के प्रयत्नांत छळ 10 सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! कंडक्टरनं दोनदा बेल मारून गाडी हलायला याहून जास्त वेळ लागतो. एसटीतला प्रसंगही तेवढ्यातच संपला.

म्हणजे थांबवणं सोपं आहे, महाग आहे ते त्यानंतरचं. वकील हे नाव तो मुलगा आता किती दिवस वागवेल? आणि उद्या पुन्हा उठेल का? एकट्यावर दंड चढत गेला तर तोही एके दिवशी खिडकीबाहेर बघायला शिकेल, माझ्यासारखा.

याचं उत्तर कॅनडातल्याच बर्विक नावाच्या एका लहानशा गावानं 2007 मध्ये दाखवलं. म्हसळ्यासारखंच, सगळे सगळ्यांना ओळखणारं गाव. नववीतला एक मुलगा गुलाबी शर्ट घालून शाळेत आला म्हणून त्याला दमदाटी झाली. बारावीतल्या डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस या दोघांच्या ते कानावर आलं. ते स्वस्त कपड्यांच्या दुकानात गेले, 50 गुलाबी शर्ट घेतले, मित्रांना निरोप धाडले आणि शाळेच्या दारात ते शर्ट वाटले. शेकडो मुलं गुलाबी कपड्यांत शाळेत वावरली. आता चिडवायचं कुणाला? दंड पन्नास जणांत वाटला की तो वसूलच होत नाही. गुलाबी शर्टाचा तो दिवस आज कॅनडाभर पाळला जातो.

आपल्या पोरांनाही हे जमतं. एकाला "वकील" म्हणताच पाच जणांनी "आम्हीपण वकील" म्हणायचं, की संपलं. पण त्या पाचांना आपल्या पाठीशी मोठं माणूस उभं आहे हे दिसलं पाहिजे. आणि इथं मोठी माणसं नापास होतात.

आपण काय म्हणतो? "पोरं आहेत, चालायचंच." "लक्ष देऊ नकोस." "तूही एक ठेवून दे." "चहाड्या करू नकोस." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात वाईट. दुसऱ्याला मार बसावा म्हणून सांगणं ही चहाडी. आपल्याला किंवा मित्राला होणारा त्रास थांबावा म्हणून सांगणं ही दाद मागणं. या दोहोंतला फरक पोराला पहिलीतच शिकवायला हवा. नाहीतर ते दहावीपर्यंत गप्प बसतं आणि आपण त्याला समंजस म्हणतो.

म्हसळ्यात तर ही गप्प बसण्याची सवय दुप्पट आहे. कित्येक घरांतला बाप मुंबईत नाहीतर आखातात. रात्री दहा मिनिटं फोन, त्यात अभ्यास आणि तब्येत. "बाबा, मला बोलता येत नाही म्हणून हसतात," हे वाक्य त्या दहा मिनिटांत बसत नाही.

शाळांसाठीही दोन गोष्टी. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या कॉलेजपुरती नाही, शिक्षण देणारी कुठलीही संस्था तिच्यात येते. चिडवणं, धमकावणं, लाज वाटेल असं काही करायला लावणं, हे सगळं त्यात मोडतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. त्यानं कानाडोळा केला तर गुन्ह्याला साथ दिली असं कायदा मानतो. "आपसांत मिटवा" म्हणून सही घेणाऱ्यांनी हे कलम वाचून ठेवावं.

दुसरी गोष्ट तक्रारपेटीची. पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी, सगळ्यांच्या नजरेसमोर लावली तर तिच्यात चिठ्ठी टाकणं हाच एक दंड होतो. पेटी लावायची तर पोरं एकटी असतात तिथं लावा आणि ती दर आठवड्याला उघडा. तेवढाही धीर नसलेल्या मुलासाठी 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. तो फुकट लागतो आणि रात्रीही उचलला जातो. वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात तो कायमचा लिहिलेला असावा.

त्या मागच्या सीटवरच्या चौघांना तुरुंगात धाडा असं मी म्हणत नाही. तीही आपलीच पोरं. एखाद्याची दुखरी जागा हेरून त्याचा पास लपवायचं सुचतं, त्या पोरांकडे बुद्धी आहे आणि ती भलत्या कामाला लागली आहे. त्यांना बसवून बोललं पाहिजे, त्या मुलाची माफी मागायला लावली पाहिजे आणि पुन्हा केलंत तर काय होईल हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. गाडीत हे काम माझं होतं. मी केलं नाही. एका पंधरा वर्षांच्या पोरानं केलं आणि त्याबद्दल नाव पाडून घेतलं.

आज रात्री जेवताना तुमच्या मुलाला मार्क विचारू नका. एवढंच विचारा: "तुमच्या वर्गात कुणाच्या शेजारी कुणी बसत नाही?" त्याला नाव माहीत असतं, कधी कधी ते त्याचं स्वतःचंच असतं. ते आलं तर त्याला जवळ घ्या आणि सकाळी शाळेत जा. दुसऱ्या कुणाचं आलं तर म्हणा, "उद्या तू जाऊन बस. कुणी वकील म्हणालं तर मला सांग, मी येतो."