चढ सायकलवर, उतार पायी

भिलाईत एकही डोंगर नाही, आणि याला आपण स्वतः जबाबदार आहोत, असं घाटकाकांचं ठाम मत आहे. "होते ना डोंगर! दल्ली-राजहऱ्याला होते, लोहखनिजाचे. आम्हीच ते मालगाडीत भरून आणले, भट्टीत वितळवले आणि २६० मीटर लांबीचे रूळ करून रेल्वेला आडवे घालून दिले. आता चढायला काय उरणार?" पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसवर उभी हयात काढलेला माणूस हे बोलतो, तेव्हा त्यात पश्चात्ताप किती आणि अभिमान किती, हे सांगणं कठीण. एवढं खरं की निवृत्त झाल्यावर त्यांनी सायकल काढली ती हा जुना हिशेब चुकता करायला. डोंगर जिथे शिल्लक असतील तिथे जायचं आणि ते चढून यायचं.

त्यांचं खरं आडनाव पोस्टमनला आणि पेन्शनच्या कागदांना ठाऊक. बाकी सेक्टरभर ते घाटकाका. अंगानं काटक, मिशी अर्धी पांढरी, आणि पोटऱ्या अशा की नमस्काराला वाकलेली पोरं आधी त्या नीट पाहून घेतात, मग पाया पडतात.

तसं पाहिलं तर भिलाईत सायकलचं कौतुक कुणाला असायचं कारण नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिल्या भट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हापासून हे गाव सायकलवरच ड्युटीला जात आलं. पाळी बदलायच्या वेळी मेन गेटपाशी घंट्यांचा जो गलका उठायचा, त्यात वर्ध्याकडून नोकरीला आलेले काकांचे वडील होते, आणि पुढे काकाही होते. हँडलला डबा, दांड्याला छत्री, कॅरिअरला भाजीची पिशवी. त्या प्रकाराला 'सायकलिंग' म्हणायची कुणाची छाती नव्हती. सायकल चालवून घामाघूम झालेल्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारत, "आज उशीर झाला वाटतं?"

काकांची आताची सायकल गिअरची आहे, पण ती वागवली जाते प्लांटच्या नियमांनी. हँडलवर 'सेफ्टी फर्स्ट' असं स्टिकर. साखळीला तेल घातलं तर त्याची नोंद लॉगबुकात. वर्षातून एकदा सायकल पूर्ण खोलायची, त्याला 'कॅपिटल रिपेअर' म्हणतात, आणि ते चाललेलं असताना काकू बैठकीच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. सकाळचं खाणं म्हणजे 'चार्जिंग'. पोटात काय, किती आणि कोणत्या क्रमानं जायचं हे ठरलेलं. परदेशी पाकिटातल्या गोड चिकट जेलची त्यांना शिसारी. त्यांच्या बाटलीत बोरे-बासी असते. रात्रीचा भात पाण्यात भिजवायचा, सकाळी मीठ घालून तो सरबतासारखा पातळ करायचा, आणि सोबत कांदा. "छत्तीसगडचा शेतकरी यावर उन्हात दिवसभर नांगर धरतो. आपण तर बसून जातोय," असं ते म्हणतात. कांद्यामुळे सायकल-ग्रुपमधली मंडळी त्यांच्या मागे फार जवळून सायकल चालवत नाहीत, हा त्यांच्या मते सुरक्षित अंतराचा विजय.

आता प्रश्न सरावाचा. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आसपास असलेलं हे शहर, आणि जिथे जाल तिथे तेवढंच. चढ म्हणून काकांनी धरला तो जी. ई. रोडवरचा एक उड्डाणपूल. पहाटे काका त्याच्या पायथ्याशी येतात, घड्याळ लावतात आणि चढू लागतात. मागून येणारे ट्रक हॉर्न मारतात, दूधवाले नमस्कार करतात. पुलाच्या माथ्यावर पोहोचले की काका थांबतात, लॉगबुकात वेळ लिहितात, सायकलवरून उतरतात आणि समोरचा अख्खा उतार सायकल हातात धरून पायी चालत जातात.

जगातले झाडून सगळे सायकलवाले चढ आला की खाली उतरतात आणि उतार लागला की पायडल सोडून देतात. घाटकाका नेमकं उलटं करतात. नवखा माणूस विचारतो, "काका, पंक्चर?" मग त्याला भर रस्त्यात व्याख्यान ऐकावं लागतं. "हे बघा, वर जाणारी वस्तू आपल्या ताब्यात असते. खाली येणारी नसते. फर्नेसवर माणसाला जे काही लागतं ते खाली येणाऱ्या वस्तूनं लागतं. वर जाताना कुणाला काही झाल्याचं ऐकलंय? शिवाय उतारावर आपण काय करतो? बसून राहतो. बसून राहायला घरी खुर्ची आहे."

हे शेवटचं वाक्य मला त्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाची किल्ली वाटतं. फर्नेस एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. दिवाळी असो, दंगल असो, ती जळतच राहते आणि तिच्याभोवती माणसं तीन पाळ्यांत फिरत राहतात. अशा यंत्राच्या सेवेत असलेल्या माणसाला साठाव्या वर्षी हार-नारळ देऊन 'आता आराम करा' म्हणतात, तेव्हा त्याला ते शिक्षेसारखं ऐकू येतं. फुकट मिळालेलं काहीच काकांना पचत नाही. डोंगरगढला बमलेश्वरीच्या दर्शनाला रोपवे आहे. काका हजारावर पायऱ्या चढून जातात आणि वर रोपवेनं आलेल्या नातेवाइकांकडे असं बघतात, जणू त्यांनी परीक्षेत कॉपी केली आहे. घाटाचा उतारही त्यांच्या लेखी फुकटातलाच माल.

या माणसानं पहिला मोठा घाट मारला तो केशकालचा. धमतरी, कांकेर मागे टाकून बस्तरच्या पठारावर चढणारा हा रस्ता बारा वळणांसाठी प्रसिद्ध. जगदलपूरकडचे ट्रक त्याच वाटेनं रांगत असतात आणि ड्रायव्हर लोक तेलीन मातेच्या देवळाशी थांबून हात जोडतात. काकू एसटीतून न येता (छत्तीसगडात एसटी नाही, हे सांगून काकांनी त्यांना अनेकदा दुरुस्त केलं आहे) खाजगी बसनं येऊन देवळापाशी डबा घेऊन बसल्या होत्या. काका वर आले, जेवले, नोंद केली आणि परत फिरले, अर्थातच चालत. दर वळणावर कुणीतरी थांबून विचारी, "कका, साइकिल बिगड़ गे का?" पहिल्या तीन वळणांवर त्यांनी तत्त्वज्ञान सांगितलं. चौथ्यापासून ते नुसतं "हव" म्हणू लागले. सहाव्या वळणावर एका ट्रकवाल्यानं काही न विचारता सायकल उचलून मागे टाकली आणि काकांना केबिनमध्ये बसवलं. तो उतार त्यांनी लॉगबुकात 'ट्रान्झिट' म्हणून दाखवला आहे.

पुढे त्यांना ब्रेव्हेचा नाद लागला. फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियानच्या नियमांनी जगभर चालणाऱ्या या लांब पल्ल्याच्या फेऱ्या. शर्यत नव्हे, पण वेळेची मर्यादा कडक. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ६०० ला चाळीस. वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा आणि दोन ठाण्यांच्या मधे मदत कुणाची घ्यायची नाही. हे कार्ड पाहून काकांचे डोळे पाणावले. इतक्या वर्षांनी पुन्हा गेटपास! नागपूरची २०० किलोमीटरची ब्रेव्हे त्यांनी वेळ संपता संपता पूर्ण केली आणि शिक्का मारणाऱ्या पोराला शांतपणे म्हणाले, "पाळी आठ तासांची असते. वरच्या वेळाचा ओव्हरटाइम कुणाकडे मागायचा?"

त्यांची एकच खंत आहे. "नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमनं रेस अॅक्रॉस अमेरिका पुरी केली. दोघेही डॉक्टर. २०१७ मध्ये आपल्या नागपूरच्या अमित समर्थांनी ती एकट्यानं मारली. डॉक्टर. त्याच वर्षी श्रीनिवास गोकुलनाथांनी मारली. तेही लष्करातले डॉक्टर. डॉक्टरनं हजारो किलोमीटर सायकल मारली की लोक म्हणतात व्यायाम, आणि फर्नेसवाल्यानं मारली की म्हणतात डॉक्टरला दाखवा!"

अशा माणसाला मनाली-लेह चुकणार नव्हतंच. निघायच्या आधी महिनाभर घरात तयारी चालली होती. काकूंनी ठेठरी आणि खुरमी केली. हे पदार्थ महिनोन्‌महिने टिकतात आणि दगडावर आपटले तर प्रश्न दगडाचा येतो. मुलानं पुण्याहून फोन करून हवामान, उंची, डोकेदुखी, सगळ्याची भीती घालून पाहिली. काकांनी एवढंच विचारलं, "तिथे भट्टी आहे का? नाही ना? मग कसली भीती?"

मनाली ते लेह हे पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर लोक आठ-दहा दिवसांत उरकतात. काकांना किती दिवस लागले, या विषयाला घरात बंदी आहे. कारण उघड आहे. ३,९७८ मीटरचा रोहतांग चढायला लागला त्याहून जास्त वेळ तो उतरायला लागला. बारालाचा ला चढून आलेले जर्मन सायकलस्वार काकांना उतारावर चालताना पाहून थांबत, औजारं काढत आणि चाकाचे स्पोक तपासत. काका त्यांना एकेक ठेठरी देऊन निरोप देत. गाटा लूप्सची २१ वळणं त्यांनी प्रत्येक वळणावर नोंद करत चढली. तिथे तहानेनं मेलेल्या ट्रक-क्लीनरचं भूत आहे म्हणतात आणि येणारेजाणारे त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या ठेवतात. काकांनीही ठेवली, पण आधी टोपण घट्ट आहे की नाही ते तपासलं. पुढे साडेचार हजार मीटरच्या वर मोरे मैदानाचा चाळीसेक किलोमीटरचा सपाट पट्टा लागला, तेव्हा वाटेतले सगळे सायकलवाले हरखले आणि काका एकटेच हिरमुसले. घरी फोन लागला तेव्हा म्हणाले, "अगं, इतक्या वर येऊन बघतो तर देवानं इथंही भिलाईच बांधून ठेवली आहे."

टांगलांग लाच्या, म्हणजे ५,३२८ मीटरच्या खिंडीत हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. डोकं ठणकू लागलं, तसं काकांनी निदान केलं, 'हॉट ब्लास्ट कमी पडतोय, चार्ज कमी करा', आणि दोन घास कमी खाल्ले. वाटेत जिथे जिथे पुलाचा लोखंडी कठडा दिसला तिथे थांबून बोटानं टकटक वाजवलं आणि जवळ असेल त्याला सांगितलं, "आपला माल." कठडा कुठला, हे विचारायची कुणाला हिंमत झाली नाही.

आणि मग, लेह गाठून झाल्यावर, त्याच्या पुढचा खारदुंग ला. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट अशी उंची मिरवली गेली. आधुनिक मोजणीत खिंड १७,५८२ फुटांच्या आसपास भरते. बाकीचे पाटीजवळ फोटो काढत होते. काका पाटीजवळ बसून संबंधित खात्याला पत्र लिहीत होते. 'मालात जवळजवळ ८०० फुटांची तूट आहे. एवढी तूट आमच्या रुळांत निघाली असती तर अख्खी खेप परत आली असती.' पत्राच्या तीन प्रती.

पत्र संपवून वर बघतात तो एक जीप येऊन थांबली. टपावर सहा सायकली, आत सहा तरुण. लेहमध्ये हा धंदाच आहे. जीपनं माणसाला आणि सायकलीला खिंडीत आणून सोडायचं, मग त्यानं पायडलला पाय न लावता चाळीसेक किलोमीटर खाली लेहपर्यंत घरंगळत जायचं. पोरांनी पैसे मोजले होते ते फक्त उताराचे. काकांनी घाम गाळला होता तो फक्त चढाचा. दोन्ही पक्ष एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले. शेवटी एका पोरानं आदबीनं विचारलं, "अंकल, आप ऊपर साइकिल से आए? और नीचे पैदल जाएंगे?" काका म्हणाले, "और तुम लोग ऊपर बैठके आए, नीचे भी बैठके जाओगे?" पोरं सुसाटत निघून गेली. काका साउथ पुल्लूच्या चौकीपर्यंत चालत राहिले आणि चालता चालता त्यांच्या डोक्यात योजना शिजली.

ती योजना आता टाइप होऊन, आकृत्यांसह, फाइलमध्ये लागली आहे. लेहच्या सायकलवाल्यांनी डिझेल जाळून सायकली वर नेणं हा निव्वळ अपव्यय आहे. ज्यांना चढ हवा त्यांनी सायकल वर न्यावी, ज्यांना उतार हवा त्यांनी ती वरून खाली आणावी. सायकल एक, गिऱ्हाइकं दोन, रिकामी फेरी शून्य. पहिला चढणारा म्हणून काकांनी स्वतःचं नाव घातलं आहे आणि पुढचं लक्ष्य १९,०२४ फुटांचा उमलिंग ला असं लिहिलं आहे.

काकूंनी योजना चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, "सायकल ती पोरं घेऊन गेली, तर तुम्ही खाली कसे येणार?"

"चालत," काका म्हणाले. "आणि या खेपेला हात मोकळे!"