पंचांगाचं सहावं अंग

तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पंचांगाची पाच अंगं. मँचेस्टरमध्ये लग्न काढायचं तर सहावंही पाहावं लागतं. ते म्हणजे फिक्स्चर. प्रीमियर लीगच्या सामन्यांचं वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं आणि मग टीव्हीवाल्यांच्या मर्जीप्रमाणे वर्षभर बदलत राहतं. शहरात संघ दोन. युनायटेड ओल्ड ट्रॅफर्डला खेळतो, सिटी एतिहादला. दोघांचे घरचे सामने एकाच दिवशी आले तर पोलिसांची धांदल उडते, म्हणून ते सहसा आलटून पालटून ठेवतात. म्हणजे बहुतेक आठवड्यांत कोणी ना कोणी घरी असतंच, आणि त्या दिवशी हॉटेलांचे भाव आभाळाला भिडलेले असतात. शिवाय २०२४ साली एतिहादच्या शेजारी को-ऑप लाइव्ह नावाचं अवाढव्य सभागृह उघडलं, तेव्हा तिथे कोण गाणार आहे हेही बघायचं. गुरू-शुक्राचा अस्त नको, युनायटेड घरी नको, आणि आदल्या रात्री कुणी जगप्रसिद्ध बाई गावात गायला आलेली नको. एवढ्यातून दिवस काढणारा ज्योतिषी सोलापुरातही सापडायचा नाही.

मुलगी आमची, जन्मली इथेच. जावईही इथलाच. त्याच्या आईचं आजोळ आयर्लंडच्या मेयो परगण्यातलं, आणि वडिलांचे आईवडील साठच्या दशकात जमैकाहून येऊन मॉस साइडला स्थायिक झालेले. हे सगळं ऐकून घेतल्यावर सौ. म्हणाली, "चला, म्हणजे कोकणस्थ-देशस्थाचा तरी प्रश्न नाही."

प्रश्न निघाला तो चातुर्मासाचा. इंग्लंडातली लग्नं जुलै-ऑगस्टात होतात, कारण ऊन पडलंच तर तेव्हाच पडतं. आणि नेमके तेव्हाच आपले देव झोपलेले. डोंबिवलीच्या आत्याने फोनवरून कडक शब्दांत कळवलं, "आषाढी एकादशीनंतर मी अक्षता टाकणार नाही."

"आत्या, देव उठतात तेव्हा इथे चार वाजता अंधार पडतो गं."

"मग गोरज मुहूर्त घ्या. चारला मोकळे व्हाल."

सल्ला बिनतोड होता, पण आमच्या कन्येला लग्नात उजेड हवा होता. जूनमधला गोरज घ्यावा तर सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास. मंगलाष्टकं दहाला, पंगत अकराला आणि बाराला हॉटेलवाला दिवे मालवणार. शेवटी जूनचा पहिला शनिवार निघाला, सकाळचा मुहूर्त. फुटबॉलचा हंगाम मेअखेरीस संपतो, आषाढी यायला अवकाश असतो. त्या दोहोंच्या फटीत आम्ही लग्न बसवलं. आत्याने तिथेही पाचर मारलीच. महिना ज्येष्ठ, मुलगी ज्येष्ठ, आणि मुलगाही ज्येष्ठ असला तर तीन ज्येष्ठ होतात, ते चालत नाही. जावयाला एक थोरला भाऊ निघाला म्हणून निभावलं. त्या भावाला आपण धाकट्याच्या लग्नाला किती मोठा हातभार लावलाय याची अजून कल्पना नाही.

मग जागा. इथलं टाऊन हॉल म्हणजे आल्फ्रेड वॉटरहाउसने बांधलेला, १८७७ साली उघडलेला गॉथिक राजवाडा. पूर्वी तिथे लग्नं लागत. पण २०१८च्या जानेवारीत तो दुरुस्तीसाठी बंद झाला आणि आम्ही शोधाला लागलो तेव्हाही परांचीच्या आतच होता. मी क्रिकेटचं ओल्ड ट्रॅफर्ड सुचवलं. तिथेही समारंभ होतात, राहायला मैदानालगत हॉटेल आहे. शिवाय याच मैदानावर १९३६ साली विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी २०३ धावांची सलामी दिली आणि १४ ऑगस्ट १९९० रोजी सतरा वर्षांच्या सचिनने नाबाद ११९ करून पहिलं कसोटी शतक झळकावलं. मुंबईकर बापाला याहून पवित्र क्षेत्र कुठलं? आश्चर्य म्हणजे व्याह्यांनीही तात्काळ अनुमोदन दिलं. त्यांचं कारण वेगळं होतं. १९७६ साली वेस्ट इंडिजने इंग्लंडला इथेच ७१ धावांत गुंडाळलं, मायकेल होल्डिंगने १७ धावांत पाच बळी घेतले, आणि हे तेव्हा शाळकरी वयात वडिलांचा हात धरून ते बघायला गेले होते. आम्ही दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले. सोयरीक खरं म्हणजे तिथेच झाली.

"बाबा," कन्या म्हणाली, "२०१९ची सेमीफायनलसुद्धा तिथेच झाली ना? पावसामुळे दोन दिवस चाललेली? धोनी रनआउट झाला ती?"

बेत तिथेच बारगळला. लग्नाला राखीव दिवस नसतो. खरं तर मँचेस्टरचा पाऊस उगाच बदनाम आहे. वर्षाला आठशे-साडेआठशे मिलिमीटर म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण मुंबईचा पाऊस कामगारासारखा येतो, चार महिने राबतो आणि गावी जातो. इथला सरकारी नोकरासारखा रोज थोडं थोडं काम करतो, आणि निवृत्त होत नाही.

अखेर शहराच्या दक्षिणेला एक हॉटेल पसंत पडलं. तिथली व्यवस्थापक तरुणी अतिशय नम्र होती आणि तिच्याकडे तितकीच नम्र नियमावली होती. होमाला परवानगी होती. पण तेवढ्या वेळापुरती धुराची घंटा बंद ठेवायची आणि हॉटेलचा एक माणूस अग्निशामक नळकांडं घेऊन मांडवापाशी उभा राहणार. म्हणजे वधूवर अग्नीभोवती फेरे घालणार आणि तो नजरेने त्यांच्याबरोबर फिरणार. सौ.ने लगेच त्याच्यासाठी फेटा लिहून घेतला.

अडचण अक्षतांशी आली. सौ.ने पिशवीतून पुरचुंडी काढून टेबलावर उलटली. कुंकवात माखलेले ते लालगुलाबी दाणे त्या मुलीने बोटाच्या टोकाने बाजूला सारून पाहिले, एक चिमटीत धरून दिव्यासमोर नेला, मग कागदी रुमालावर घासला. रुमालावर गुलाबी रेघ उमटली. तिने आधी रेघेकडे पाहिलं, मग खालच्या फिक्या राखाडी गालिच्याकडे, आणि मग आमच्या पाहुण्यांच्या आकड्याकडे.

"हे सगळे जण टाकणार?"

"सगळे," सौ. म्हणाली.

"एकदाच?"

"प्रत्येक मंगलाष्टकाला. मागच्या रांगा जरा जोरात टाकतात."

तिने साफसफाईच्या अनामत रकमेचा रकाना खोडून नवा आकडा लिहिला. शेवटी हळदीच्या पिवळ्या अक्षतांवर की फुलांच्या पाकळ्यांवर भागवायचं यावर वाटाघाटी चालू आहेत. पाकळ्यांची बातमी आत्याला अजून कुणी दिलेली नाही.

एवढं करूनही हे लग्न कायद्याच्या लेखी लग्नच नाही. हॉटेलात, अग्नीच्या आणि फेटेवाल्याच्या साक्षीने लागलेलं वैदिक लग्न इंग्लंडचं सरकार मोजत नाही. त्यासाठी वेगळं रजिस्टर लग्न. त्याची रीतसर नोटीस द्यायची, ती २८ दिवस लोकांना पाहायला लावायची. नोटीस देताना वधूवरांना वेगवेगळं बसवून एकमेकांचं नाव, जन्मतारीख, उद्योग विचारतात. आमच्या कांद्यापोह्यांत एवढी चौकशी झाली असती तर पुष्कळ गोष्टी वेळीच कळल्या असत्या, असं सौ.चं मत पडलं. त्या समारंभात धार्मिक काही चालत नाही. स्तोत्र नाही, धर्मग्रंथातला उतारा नाही. म्हणून सरकारी लग्न गुरुवारी, देवाचं शनिवारी. लग्नाचा वाढदिवस कधी, हे जावयाने आत्ताच लेखी मागून घेतलंय. मुलगा हुशार आहे.

त्या नोंदीत सौ.ला एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. १८३७पासून इथल्या विवाहनोंदीत फक्त बापांची नावं आणि उद्योग लिहीत. ४ मे २०२१पासून आयांचीही लिहितात. उद्योगाच्या रकान्यात काय लिहायचं यावर तिने बराच विचार केला. "सगळ्यांचं सगळं बघणे" हे रकान्यात मावत नाही असं कळल्यावर तिने "अकाउंटंट" लिहिलं, पण अन्याय झाल्यासारखं.

शहरात माणसं नाना देशांची. इथल्या विद्यापीठातल्या भाषाभ्यासकांनी दीडशेच्या वर भाषा मोजल्यात. आमच्या लग्नाला त्यातल्या बऱ्याच कामाला लागल्या. मेंदी काढणारी रशोमची, मूळची लाहोरकडची; तिने सौ.ला मेंदीबरोबर सासू कशी सांभाळावी यावरही व्याख्यान दिलं. मांडव बोल्टनच्या गुजराती बंधूंचा. त्यांच्याकडे हत्ती, मोर, सोनेरी सिंहासनं सगळं आहे. चार खांब आणि केळीचे खुंट एवढंच हवंय म्हटल्यावर त्यांना आमच्या परिस्थितीची काळजी वाटू लागली. जेवणाचा कंत्राटदारही त्यांच्या ओळखीतलाच. मसालेभात त्याला जमला, मठ्ठा आवडला. अळूच्या वड्यांना 'पात्रा' म्हणत तो त्या आम्हालाच शिकवू लागला. फक्त आमटीत मुठीने साखर टाकण्यापासून त्याला परावृत्त करायला कन्येला मध्ये पडावं लागलं. गुरुजी लीड्सचे. एरवी सॉफ्टवेअर करतात, शनिवार-रविवारी लग्नं लावतात. ते एम-६२ने येणार. इंग्लंडमधला हा सर्वांत उंचावरून जाणारा महामार्ग, आणि त्याच्या दोन बाजूंच्या मधोमध एक मेंढ्यांचं शेतघर आहे. मुहूर्ताच्या दिवशी ट्रॅफिक तुंबलाच तर गुरुजींना निदान बघायला काहीतरी असेल. राहता राहिला मामा. मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं, आणि मामा नाशिकला. व्हिसाच्या अर्जात 'भेटीचा उद्देश' या रकान्यात त्याने "भाचीला धरून आणणे" असं लिहिलं होतं. एजंटाने वेळीच पाहिलं म्हणून बरं.

पण मी सर्वांत जास्त शिकलो ते व्याह्यांच्या मंडळींकडून. माझा समज होता की मानपान हे आपलं खास देणं. विहीणबाईंनी एक दिवस लॅपटॉप उघडून टेबलांचा नकाशा दाखवला तेव्हा डोळे उघडले. दर टेबलाला नंबर, दर खुर्चीला नाव. घटस्फोटित काका आणि त्यांची पहिली बायको यांच्यात किती टेबलं हवीत याचाही हिशेब. आपण जे ओट्यावर बसून मोठ्या आवाजात करतो, ते ही माणसं एक्सेलमध्ये न बोलता करतात.

"प्रत्येकाची जागा आधीच ठरवायची?" सौ.ने मला मराठीत विचारलं. "मग कोण कुठे बसलं यावरून भांडायचं कधी?"

खरा धक्का पुढेच होता. इथे पाहुण्यांचे दोन वर्ग असतात. काहींना दिवसाचं आमंत्रण आणि काहींना, म्हणजे कचेरीतले सहकारी, लांबचे मित्र वगैरेंना, फक्त संध्याकाळचं. लग्नाला नाही, मुख्य जेवणाला नाही. साडेसातला यायचं, काहीबाही खायचं आणि नाचायचं. आपल्याकडे कुणाला असं बोलावून पाहा, पुढच्या सात पिढ्या उंबरा चढणार नाहीत. इथले लोक आभाराचं कार्ड पाठवतात आणि येताना आहेरही आणतात! उलट आमची मंडळी. हॉटेलला पक्का आकडा हवा, म्हणून पत्रिकेत "कृपया कळवावे" असं ठळक छापलं. उत्तरं आली ती अशी: "अहो, घरचंच कार्य, कळवायचं काय?" एकाने विचारलं, आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांना घरी एकटं कसं ठेवायचं? दुसऱ्याने विचारलंच नाही, तो आणणारच आहे.

या सगळ्यात सौ.ला एकच खंत होती. वरपक्ष रुसत नव्हता. विहीणबाईंना काहीही विचारा, "लव्हली" म्हणत. मुहूर्त सकाळी लवकरचा? लव्हली. नवरदेवाचा कान पिळणार? लव्हली. त्याचे बूट पळवून पैसे मागणार? ओह, लव्हली! "ह्या बाईला काही लागतच नाही," सौ. रात्री म्हणायची. "असं कुठे लग्न असतं का? नंतर एकदम काहीतरी निघेल."

ते निघालं गेल्या आठवड्यात, आणि निघालं आजेसासूबाईंकडून. ऐंशीच्या पुढच्या, आयुष्यभर नर्सची नोकरी केलेल्या, रविवारी चर्चला जाताना हॅट कधी न चुकवणाऱ्या. नातवाच्या लग्नाचा केक त्या स्वतः करणार आहेत. जमैकन पद्धतीचा, काळाभोर. त्यातल्या मनुका आणि बेदाणे नाताळापासून रममध्ये भिजताहेत. हॉटेलच्या नकाशात मधली जागा मांडवाने व्यापली आणि केक गेला बारच्या पलीकडे, कोटांच्या खोलीच्या दाराशी. हे त्यांना कळलं. त्या काही बोलल्या नाहीत. फोन उचलायचा मात्र त्यांनी बंद केला.

विहीणबाई ओशाळून सांगायला आल्या. सौ.चा चेहरा उजळला. "रुसल्या?" ती उठलीच. "मला पत्ता द्या."

तिने कपाटातून पैठणी काढली, नारळ घेतला, ओटीचं सामान घेतलं आणि मला गाडी काढायला लावून मॉस साइड गाठलं. मला गाडीतच बसवलं. हे बायकांचं काम. बऱ्याच वेळाने ती परतली तेव्हा हातात कागद होता. केक मधोमध हवा. (गुरुजींना विचारलं, अंडं आणि रम मांडवापासून चार हात लांब असलं तर त्यांची हरकत नाही.) दारात स्वागताला पोरंटोरं नकोत, वयाचं कुणीतरी हवं. हॅट मागच्यांना आड आली तर मागच्यांनी सरकावं. बर्मिंगहॅमच्या बहिणीला त्यांच्याच शेजारी पण एक खुर्ची मागे बसवावं. यादी पानाच्या पाठीमागेही चालू होती.

"सगळ्या मान्य केल्यास?" मी विचारलं.

"दोन सोडून," सौ. समाधानाने पट्टा लावत म्हणाली. "त्या लग्नाच्या दिवशी मान्य करायच्या. सगळं आत्ताच दिलं तर त्या दिवशी त्यांनी रुसायचं कशावर?"