ड्रॉप कोणत्या डोळ्यात?

"बाबूनं ड्रॉप घेतला," असं आई फोनवर मावशीला सांगत होती, ते आजीनं अर्धवट ऐकलं. संध्याकाळी तिनं मला ओसरीत जवळ बसवलं, माझ्या दोन्ही पापण्या आळीपाळीनं वर केल्या आणि विचारलं, "कोणत्या डोळ्यात टाकला गा?"

मी समजावून सांगितलं. बारावी झाली, नीटला मार्क कमी पडले, हाताशी काहीतरी असावं म्हणून बी.एस्सी.ला नाव घातलं, एक सेमिस्टर कसंबसं काढलं आणि आता दुसरं सोडून पुन्हा नीटच्या अभ्यासाला बसतोय. याला ड्रॉप घेणं म्हणतात. आजीनं सगळं शांतपणे ऐकलं आणि सार काढलं, "म्हणजे घरी रिकामाच आहेस."

आमच्या आमगावात शब्द जपून वापरावे लागतात. त्यात 'मेडिकल' हा फार धोक्याचा. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान म्हणजे मेडिकल. नागपूरचं १९४७ सालचं सरकारी महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय, तेही मेडिकल. अमक्याला मेडिकलला नेलं म्हटलं की ऐकणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. मला हवं होतं ते तिसरं, म्हणजे डॉक्टरकीचा प्रवेश. बाबांनी मात्र चौकात एवढंच सांगितलं, "पोरानं कॉलेज सोडलं, आता मेडिकलचंच बघतो आहे." आठवड्याच्या आत सालेकशाचे काकाजी बिस्किटांचा पुडा आणि सहा केळी घेऊन हजर. माझ्याकडे न बघता बाबांना हळूच म्हणाले, "का झालं गा पोराला? डॉक्टर का म्हणतात?" खरा प्रकार कळल्यावर त्यांना आनंद झाला, पण केळी परत न्यावीत की ठेवावीत, हे काही ठरेना. शेवटी ती मी खाल्ली. पेशंट नसलो तरी उमेदवार होतोच.

बाबांच्या काळी बारावीच्या मार्कांवर प्रवेश व्हायचा. मग राज्याची सीईटी आली. २०१३ साली नीट आली आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं तिला घरी पाठवलं. २०१६ साली ती परत आली, ती मुक्कामालाच. त्याच २०१६ साली गोंदियात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि माझी शेवटची सबबही गेली. "सरकारनं कॉलेज दारात आणून ठेवलं," बाबा म्हणत, "तुला फक्त आत जायचं आहे." आत जायला १८० प्रश्न होते. बरोबर आला तर चार मार्क, चुकला तर एक कापणार, एकूण ७२०. आमच्या घरात चुकण्याचा दर याहून बराच महाग होता, त्यामुळे निगेटिव्ह मार्किंगची मला भीती वाटली नाही.

भिंतीवर मी वेळापत्रक लावलं. पहाटे ५ ते ७ फिजिक्स, ८ ते १२ बायोलॉजी, असं झोपेपर्यंत. गावानं त्यात फक्त एकच गोष्ट वाचली, ती म्हणजे मी घरी असतो. आणि घरी असतो म्हणून मी घरी कधीच नसायचो.

जानेवारीत काकांचं धान विकायचं राहिलं होतं. खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत पोत्यांजवळ कोणीतरी हवं. "बाबू आहे ना रिकामा." थर्मोडायनॅमिक्सचे पहिले दोन नियम मी धानाच्या पोत्यावर बसून पाठ केले. तिसऱ्याला नंबर लागला. माघात कचारगडच्या यात्रेला पाहुणे आले, त्यांना स्टेशनवरून आणायला मी. मार्चमध्ये मोहफुलं पडायला लागली. अंगणात वाळत घातलेल्या फुलांवर शेजारच्या शेळ्यांचा डोळा, आणि शेळ्यांवर माझा. मोहाचं शास्त्रीय नाव मधुका आणि कुळ सॅपोटेसी, हे मी आजीला ऐकवलं. ती म्हणाली, "कूळ राहू दे, शेळी बघ." तोवर सॅपोटेसीचा एक कोपरा शेळीच्या पोटात गेला होता.

आणि रिपोर्ट! प्रवेशाचा पत्ता नसताना मी 'डॉक्टरसाहेब' झालो होतो. सकाळी दात घासत असतानाच कोणीतरी फाटकाशी रक्ताच्या तपासणीचा कागद घेऊन उभं असायचं. मी म्हणायचो, "काकू, हा डॉक्टरांना दाखवा." त्या म्हणायच्या, "तेच तर दाखवत आहे."

एकदा शेजारच्या घरून सिकलसेलचा रिपोर्ट आला. आमच्या भागात हा आजार नवा नाही. कागदावर 'एएस' लिहिलेलं, मुलगी तेवीस वर्षांची, घरात रडारड. मला धडा तोंडपाठ होता. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच बदल. एएस म्हणजे वाहक, आजारी नव्हे. मात्र जोडीदारही वाहक निघाला तर प्रत्येक बाळाला आजाराचा धोका चारात एक, म्हणून लग्नाआधी मुलाचीही तपासणी करावी. हे मी बोललो आणि घरातली रडारड थांबली. पुस्तकात चार मार्कांचा प्रश्न, त्या घरात सोयरिकीचा. त्या दिवशी मी वेळापत्रकाप्रमाणे एक अक्षर वाचलं नाही, आणि तो धडा मात्र पुन्हा कधी वाचावा लागला नाही.

एप्रिलमध्ये धीर सुटला. निवृत्त गुरुजी धीर द्यायला आले. आमगावजवळचं पदमपूर हे आठव्या शतकातल्या नाटककार भवभूतीचं गाव, असं अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं आहे. त्यामुळे इथं कुठल्याही दुःखावर पहिला उपाय भवभूतीच असतो. गुरुजी म्हणाले, "त्यालाही त्याच्या काळात लोकांनी नावं ठेवली. तो काय म्हणाला? माझी कदर करणारा कधीतरी, कुठंतरी जन्मेल. काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे." मी म्हटलं, "गुरुजी, काळाला अंत नसेल, पण पेपर तीन तासांचा आहे. एका प्रश्नाला एक मिनिट." गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्यानं तीनच नाटकं लिहिली. तुझ्यावर लोड जास्त आहे."

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी नागपूरला पेपर दिला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चप्पल असा नियम. म्हणजे धानाच्या केंद्रावर जायचो तोच वेश. त्यामुळे परीक्षेला आल्यासारखं वाटलंच नाही. कोणीतरी नंबर लावायला पाठवलंय, असंच वाटलं. यावेळी नंबर लागला. फार वरचा नाही, दुसऱ्या फेरीत एका सरकारी कॉलेजात जागा मिळण्यापुरता.

मग तिसरा शब्द आला, 'गॅप'. कॉलेज सोडल्यापासून मधल्या काळात काय केलं, याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. मी तहसीलला निघालो, तर आजीही निघाली. तिचं श्रावणबाळ पेन्शनचं काम अडलं होतं आणि मी रिकामा होतो. टायपिंगवाल्या दादांनी माझ्याकडे बघून विचारलं, "या काळात का करत होता?"

मी तोंड उघडलं. धान, मोहफुलं, शेळी, काकाजी, यात्रा, शेजारच्या ताईचा रिपोर्ट, सगळं एकदम घशाशी आलं. तोवर आजीनं उत्तर दिलं होतं, "घरी रिकामाच होता."

दादांनी टाइप केलं, 'सदर कालावधीत अर्जदार घरीच होता व त्याने कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतला नाही.' मी शपथेवर सही केली.

त्यातला दुसरा अर्धा भाग खरा आहे.