अर्ध्या बोटाचा प्रश्न

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. या दोन्ही रस्त्यांवरचे सगळे खड्डे वाहनांच्या पोटात बसून प्रवास करतात आणि शेवटी इथेच उतरतात, असा माझा जुना समज आहे. माळशेज चढून आलेले ट्रक, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेटं उतरवून परतणारे पिकअप, कांद्याने कंबर वाकलेले ट्रॅक्टर, सगळे इथल्या गॅरेजांसमोर येऊन थोडे कण्हतात आणि स्प्रिंगचे पाटे बदलून पुढे जातात. अशाच एका गॅरेजात माझा पुतण्या गेले काही महिने महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप उलगडून बसला आहे. त्याला ती रस्ता नसेल तिथे न्यायची आहे. ज्या भागात वाडीला रस्ता मिळावा म्हणून अर्ज लिहिता लिहिता माणसं म्हातारी झाली, तिथला एक मुलगा बिनरस्त्याची जागा मुद्दाम शोधत हिंडतो, आणि तशी सापडली की त्याचा चेहरा मृग बरसल्यासारखा होतो. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात अशा गाड्यांची स्पर्धा भरते, चिखलात रुतण्याची आणि निघण्याची. आमच्याकडे आषाढात हा कार्यक्रम विनामूल्य असतो, फक्त टाळ्या वाजवायला कुणी नसतं.

तसं पाहिलं तर बिनरस्त्याच्या प्रवासाचा मान फाट्याजवळच्या आळे गावात आधीच एकाने पटकावलेला आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा भावंडांबरोबर नेवाशावरून चालत इथवर आला आणि आळ्याला त्याने देह ठेवला, असं परंपरा सांगते. त्याची समाधी इथे आहे. एवढी वाट, खाली पाटे नाहीत, शॉकअप नाहीत, आणि तक्रारीचा एक शब्द कुणी नोंदवलेला नाही. तोंडून बाहेर पडला तो वेदच. जीप पहिल्यांदा फुरफुरून सुरू झाली, तेव्हा पुतण्याने नारळ तिथेच नेऊन फोडला. वाहनाने कुणाचा आशीर्वाद घ्यावा याची त्याला उत्तम जाण आहे.

इंजिन, टायर, गिअरबॉक्स यांचे निर्णय त्याने भराभर घेतले. अडला तो मुठीएवढ्या बंप स्टॉपपाशी. ही वस्तू चासीच्या खाली, अ‍ॅक्सलच्या बरोबर वर लटकते. चाक दगडावर चढलं की पाटे सपाट होत जातात आणि अ‍ॅक्सल वर येऊ लागतो. त्याला कुणी अडवलं नाही, तर शॉकअप आतून टेकतो, टायर मडगार्डला भिडतो आणि पाटा उलटा वाकायला निघतो. त्या लोखंडांच्या भेटीत हा रबराचा तुकडा मध्ये पडतो. चांगल्या रस्त्यावर त्याला काही काम नसतं. तो नुसता टांगलेला असतो, अंगावर धूळ घेत. पण हा निवडताना पुतण्याला रात्र रात्र झोप येईना. मला त्यात वावगं वाटलं नाही. पळायला कुणीही शिकवतं. ‘आता पुरे’ हे आपल्याला कुणी आणि कोणत्या आवाजात सांगावं, याची निवड करायला माणसाला क्वचितच मिळते.

आवाज तीन प्रकारचे होते. पहिलं, घट्ट रबर. स्वस्त, टिकाऊ, आणि स्वभावाने परत फेकणारं. जेवढा धक्का घेईल, त्यातला बराचसा लगेच वर पाठवून देईल. दुसरा, पॉलियुरेथेनचा फोम. यात बारीक बारीक हवेचे बुडबुडे असतात, त्यामुळे तो निम्म्याहून कमी उंचीपर्यंत दबतो आणि तरी बाजूंनी फारसा फुगत नाही. पहिल्यांदा बोट रुतावं इतका मऊ, पुढे पुढे कडक. मी तो हातात घेऊन पाहिला आणि मला नाणेघाटातला दगड आठवला. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही असेच बुडबुडे आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना आत कोंडलेल्या वायूने सोडलेली ती भोकं. एकाच कल्पनेची ही दोन रूपं. त्यातलं एक अजून दबलेलं नाही. तिसरा प्रकार राजेशाही होता. नळीत थोडं तेल आणि त्यावर दाबाने भरलेला नायट्रोजन. दाब कमीजास्त करून मनासारखा नकार जुळवून घ्यायचा. गॅरेजच्या मिस्त्रींनी पुतण्याच्या फोनवर त्याचा व्हिडिओ चष्मा वर करून शेवटपर्यंत पाहिला आणि एवढंच विचारलं, “याच्यातली हवा गेली, तर घाटात भरणार कोण?” तिसरा प्रकार तिथेच संपला.

तेवढ्यात दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पुतण्याचे वडील. त्याने उमेदीची वर्षं आळेफाटा-बेल्हे काळी-पिवळी जीप चालवली. बेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी तिच्यात माणसं, कोंबड्या, धान्याची पोती आणि एखादं करडू असा संसार बसे, आणि जागा संपली की मागच्या पायरीवर माणसं उभी राहत. त्या ओझ्याने अ‍ॅक्सल घरातून निघतानाच रबरावर टेकलेला असे. बाकीच्यांच्या गाडीत जे संकटकाळी कामाला येतं, ते त्याच्या गाडीत सकाळपासून ड्यूटीवर असे. म्हणून दादाने एक सवय लावून घेतली होती. खड्डा यायच्या थोडं आधी तो वेग सोडायचा आणि मागे न बघता म्हणायचा, “सांभाळा, मावशी.” मागच्या बायका दांडा धरायच्या, पोरांना मांडीशी ओढायच्या, आणि मग खड्डा यायचा. धक्का तोच, पण तो दोन वाक्यांत वाटून मिळायचा. चांगला फोम तरी वेगळं काय करतो? अर्ध्या इंचात संपणारा धक्का दोन इंचांवर पसरवला, तर त्याचा जोर चौथाईवर येतो. हा हिशेब दादाला कुणी शिकवला नव्हता.

त्याने सगळं ऐकून घेतलं, फोम हातात धरून दाबला आणि मुलाला विचारलं, “गाडीत माणसं किती बसणार?”

“दोन, दादा.”

“मग हे कशाला? दोघं तर एकमेकांना सांगतील.” पुतण्याही वडिलांना दादाच म्हणतो, आमच्या घरात ते तसंच आहे. त्याने मान खाली घातली आणि हसला.

शेवटी फोम ठरला. पण उंची? उंच ठेवला तर चाक पुरेसं वर जाणार नाही, आणि खडकावर दुसऱ्या बाजूचं चाक जमीन सोडेल. अति सावध माणसाचंही असंच होतं. बुटका ठेवला तर शॉकअप आधी टेकेल. तेव्हा टोमॅटोच्या रोपांना बांधायची सुतळी मिस्त्रींनी शॉकअपच्या दांड्यावर गुंडाळली आणि जीप बांधावरून उतरवून आणली. सुतळी जिथवर सरकली, तिथवर दांडा आत गेला होता. सगळे उकिडवे बसून वाकले. मिस्त्री म्हणाले, फोम अर्धं बोट कापायचा. पुतण्या म्हणाला, आठ मिलिमीटर. मिस्त्रींचं बोट पान्यांनी घडवलेलं, आठात मावणारं नव्हतं. पुतण्याचं संगणकावर वाढलेलं. फोम एकदा कापला की पुन्हा जोडता येत नाही, म्हणून सुरी हातात घेऊन दोघं आपापली बोटं शेजारी लावून बघत राहिले. दादा चहा सांगायला गेला.