‘हे काय, समोरच’ या अंतराचे मोजमाप

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतील परिसर सुमारे ४११ एकरांचा असून, प्रवेशाच्या दिवसांत कागदपत्रांची फाईल छातीशी धरून तेथे उतरणारा नवा विद्यार्थी हा वस्तुतः प्रवासीच असतो. फरक एवढाच की, प्रवाशाला स्थळे पाहायची असतात आणि विद्यार्थ्याला खिडकी बंद होण्याच्या आत गाठायची असते. त्याला वाट दाखवणारे ॲप करू पाहणाऱ्यास आधी सारा परिसर पायी पालथा घालावा लागतो, आणि प्रस्तुत प्रवासाचा नायक तोच होय.

पहिला मुक्काम मुख्य इमारतीचा. मुंबईच्या गव्हर्नरांच्या पावसाळी निवासासाठी एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या वाट्याला आलेल्या या वास्तूचा मनोरा दुरूनच दिसत असल्याने तिथवर ॲपवाचून निभते. अडचण झाडीआड दडलेल्या विभागांची असते. जीपीएस, म्हणजे सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेवरून जागा ठरवण्याची पद्धत, एवढा अफाट प्रवास करून येते आणि अखेरच्या दहा मीटरांत वडाच्या फांद्यांत अडखळते, त्यामुळे पडद्यावरील निळा ठिपका डांबरी रस्ता सोडून खुशाल झुडपात शिरतो. या पद्धतीत उंचीची चूक आडव्या चुकीहून मोठी असल्याने, ‘आपण पोहोचला आहात’ असे ॲप तळमजल्यावर जाहीर करते तेव्हा विभागाचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असू शकते.

दुसरी खिंड नावांची. फलकावर ‘व्यवस्थापनशास्त्र विभाग’ असले तरी लोकांच्या तोंडी ‘पुम्बा’च असते, म्हणून एकाच जागेची सारी नावे जोडणारी पर्यायसूची ॲपला द्यावी लागते. परकीय भाषा विभाग विद्यापीठाचाच, परंतु तो फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये असल्याने, ४११ एकर तुडवून घामाघूम झालेल्या जर्मनच्या विद्यार्थ्याला फाटकाबाहेर पडून रिक्षा करण्याचा सल्ला देणे, हेही मार्गदर्शनच ठरते.

जवळची वाट शोधण्यासाठी परिसराचा आलेख मांडतात; आलेख म्हणजे चौक व दारे यांचे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वाटांच्या रेषा, ज्यांवर चालण्याचा वेळ ‘भार’ म्हणून लिहिलेला असतो. उन्हाळ्यात दोन मिनिटांची असलेली पायवाट जुलैच्या चिखलात एका चपलेच्या मोलाची होते, आणि हा भार कोणत्या आकड्यात लिहावा हे ग्रंथांत सापडत नाही. अशा आलेखातील सर्वांत कमी भाराची वाट काढण्याची रीत डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांना १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, कॉफी घेताना, सुमारे वीस मिनिटांत सुचली. तेव्हा जयकर ग्रंथालयाकडे निघालेला विद्यार्थी ‘अनिकेत’ या कॅन्टीनमार्गेच जातो, यास शास्त्राधार नाही असे म्हणता येत नाही.

या सर्व यंत्रणेचा खरा प्रतिस्पर्धी मात्र फाटकापाशी उभा असलेला कोणताही माणूस असतो. त्याचे मार्गदर्शन त्रिपदी असते: ‘सरळ जा, वडापाशी डावीकडे वळा, पुढे कुणालाही विचारा’, त्यातील तिसरे पद कधीच चुकत नाही. ‘हे काय, समोरच’ हे त्याचे अंतराचे एकमेव एकक असून, ते शंभर मीटरांपासून दीड किलोमीटरपर्यंत कितीही ताणता येते.

ॲप पूर्ण होईतो ते करणाऱ्याला प्रत्येक वाट, वळण आणि वड पाठ झालेला असतो, म्हणजे ज्याला त्याची गरज नाही असा परिसरातील पहिला मनुष्य तोच ठरतो. आणि फाईल सावरत आलेला नवा विद्यार्थी त्यालाच पत्ता विचारतो, तेव्हा खिशातील ॲप न उघडता तो हात उंचावून सांगतो, ‘हे काय, समोरच.’