तांबड्या पेनाचे नाना

आमच्या सोसायटीत नोटीस लागली की ती आधी नाना वाचतात. आम्हाला मिळते ती सुधारून वाढवलेली आवृत्ती. शर्टाच्या एका खिशात चष्मा, दुसऱ्यात तांबडं पेन. चष्मा एखादवेळी घरी राहतो, पेन नाही. 'टाकी धुणार असल्यामूळे पाणी येणार नाही' या वाक्यात बाकीच्यांना रिकाम्या बादल्या दिसतात, नानांना 'मू' दिसतो. "मूळ दीर्घ, पण मुळे ऱ्हस्व! १९६२ सालचा नियम आहे, टाकी त्यानंतरची." मग जिन्यातच मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे तेव्हाचे १४ नियम आणि १९७२ साली वाढवलेले ४ ऐकावे लागतात. तोवर पाणी गेलेलं असतं.

लग्नपत्रिकेत 'आशिर्वाद' सापडला तर वेलांटी दीर्घ करून ती पत्रिका आहेराच्या पाकिटातून यजमानांना परत. एकदा लिफ्टवर नुसतंच 'बंद' लिहिलेलं होतं. नाना त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. शेवटी पूर्णविराम दिला आणि जिन्याने गेले.

गंमत म्हणजे हेच नाना गिरगावातल्या एका छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितशोधक होते आणि तिथे त्यांच्याइतका सोवळा माणूस नव्हता. वेलांट्या, उकार हक्काने सुधारायचे. वाक्य खटकलं तर मात्र हात लावायचा नाही. समासात बारीकसं प्रश्नचिन्ह काढून प्रूफ लेखकाकडे धाडायचं. एका कादंबरीकाराने तिसऱ्या प्रकरणात वारलेल्या काकूंना सातव्यात चहा करायला लावलं. नानांनी समासात फक्त '?' केलं. 'राहू द्या,' असं उत्तर आलं. राहिलं. त्या काकू अजून चहा करताहेत.

मला वाटतं, पस्तीस वर्षं तुंबलेली ती प्रश्नचिन्हं आता आमच्या फळ्यावर फुटतात. मध्यंतरी थकबाकीच्या नोटिशीत त्यांनी 'त्वरीत'चं 'त्वरित' केलं. इथवर कुणाची हरकत नव्हती. पण त्याच झपाट्यात 'विनंती आहे' खोडून 'सक्त ताकीद देण्यात येत आहे' केलं. सेक्रेटरी भडकले. "अहो नाना, मजकूर तुमचा आणि खाली सही माझी?"

"सहीत चूक नव्हती," नाना म्हणाले, "म्हणून ठेवली."

तेव्हापासून फळ्याला काचेचं दार आहे, दाराला कुलूप आहे. नाना आता तांबड्या कागदाचा इवलासा बाण कापून बाहेरून काचेवर चिकटवतात, चुकलेल्या अक्षरावर नेम धरून. पण काच आणि कागद यांच्यात चार बोटं अंतर, आणि नाना जेमतेम पाच फूट दोन इंच. त्यांच्या उंचीवरून बाण शेवटच्या ओळीतल्या उकाराला लागतो. उंच माणसाला तोच खाली सरकून अध्यक्षांच्या नावावर दिसतो. अध्यक्ष सहा फूट आहेत. काल त्यांनी मला पार्किंगमध्ये गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "माझ्या नावात नेमकं काय चुकतंय हो?"